पुकारा

"आमच्यासारखी म्हंजी कशी?"

हणमंततात्यांनी हे विचारलं तेव्हा ते उठून उभेही राहिले नव्हते. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते आणि आवाजही चढवला नव्हता. तरी सतरंजीवर कुजबुजणाऱ्या बायका गप्प झाल्या, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर शर्वरी देशमाने बोलता बोलता थांबल्या.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या. म्हातारपणी माणूस विसरत जातो, वाट चुकतो, पोटच्या पोरांना ओळखेनासा होतो, त्या आजाराचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांच्या प्रकल्पात मी आरोग्यसेविका म्हणून लागले होते आणि सोलापूर जिल्ह्यातली ही वस्ती माझीच होती. माझा जन्म इथला. मी बरोबर असले की वस्ती ऐकून घेईल असं त्यांना वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

त्यांनी नुकतंच समजावून सांगितलं होतं की, या आजाराचा आजवर झालेला अभ्यास बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या, आपल्या पायांनी दवाखान्यात येणाऱ्या लोकांवर झाला. तपासणीचे प्रश्नही त्यांनाच जमतील असे झाले. "तुमच्यासारख्या समाजातली माणसं त्यात आलीच नाहीत," असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर तात्यांनी तो प्रश्न टाकला.

"म्हणजे... जे आजवर मागे राहिले, वंचित..." मॅडम शब्द शोधू लागल्या.

"टकारी म्हना की, बाई. आमी रागावत न्हाई. आमचं नाव घ्यायला सायेबलोकांना कवा जड गेलं न्हाई. तुमालाच कसं जातंय?"

कोणीतरी हसलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"रक्त घेनार म्हनं?"

"थोडंसं. ज्याची तयारी असेल त्याचंच."

"आन् अंगठा?"

"सही येत नसेल तर. संमतीसाठी."

"नाव, बापाचं नाव, घरात कोन कोन, कोन कुटं जातो. समदं लिवून घेनार."

"ते सगळं गुप्त राहतं, तात्या."

"व्हय. आमच्या बापजाद्यांचंबी गुप्तच व्हतं. फकस्त पोलिसांकडं व्हतं."

एवढं बोलून ते उठले. त्यांच्यामागे पुरुष उठले, मग बायका उठल्या. ज्या म्हाताऱ्यांना मी घरोघर जाऊन, हाताला धरून आणलं होतं, त्यांना त्यांच्या सुनांनी परत हाताला धरून नेलं. सतरंजीवर मी आणि मॅडम दोघीच उरलो.

वस्तीबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आम्ही टकारी. जात्याला, पाट्याला टाकी लावून द्यायची, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीनं पुन्हा खरखरीत करून द्यायचा, हा आमचा धंदा. त्यासाठी गावोगाव फिरायचं. इंग्रजांच्या राज्यात कायद्यानं आमची अख्खी जमातच गुन्हेगार ठरवली होती. स्वातंत्र्यानंतर पाचेक वर्षांनी तो कायदा गेला, पण गावांच्या नजरेतून गेला नाही. आसपास कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्याकडे वळायची. पोरं उचलून न्यायची. मग हणमंततात्या ठाण्यावर जाऊन बसायचे आणि पोरं घेऊनच परत यायचे. दाखले, रेशनकार्डं, शाळेतले प्रवेश, सगळं त्यांनी भांडून मिळवलं होतं. माझा नर्सिंगचा फॉर्मसुद्धा त्यांनीच भरला होता. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांनी नाही म्हटलं की वस्तीनं नाही म्हटलं.

जाताना ते दारात माझ्यापाशी थांबले होते.

"अनशे, तू त्यांच्याकडनं आलीस का आमच्याकडनं, येवढं ठरीव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा दारात तात्यांची बायको, पारूकाकी, येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून खाली आलेला, पायांत चप्पल नाही.

"मामंजी घरात न्हाईत गं," ती म्हणाली.

"आबा? ते कुठं जातील? त्यांना तर दम्यानं उठवत नाही ना?"

काकी तिथंच उंबऱ्यावर बसली. "दमा न्हाई अनशे. दमा कवाच नव्हता."

मग तिनं तोंडाला पदर लावून भराभरा सांगितलं. दीड-दोन वर्षं झाली होती. आबा तिला आई म्हणायचे. जेवले की पुन्हा जेवायला मागायचे. पहाटे उठून दाराशी जायचे आणि उशीर झाला, उशीर झाला म्हणून दार वाजवायचे. कुठं जायचंय विचारलं तर सांगायचे नाहीत. तात्या दाराला बाहेरून कडी घालायला लागले होते. वस्तीत दमा म्हणून सांगायचं, असं त्यांनी घरात बजावलं होतं.

"आज माज्या हातनं कडी ऱ्हायली," काकी म्हणाली. "मी हितं आले ते त्यांना सांगू नगंस."

सांगायची वेळच आली नाही. तात्या गल्लीच्या तोंडाशी होते. बायकोला माझ्या दारात बघितलं, तिच्या तोंडावरून सगळं ओळखलं आणि काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. ते ऐकत राहिले. "म्हातारा कसा हाय दिसाया?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

वस्तीपासून दोन तासांच्या पायवाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, आता तिथं माझ्या ओळखीची चांगली माणसं आहेत. तात्यांना ओळखणाऱ्या तिथल्या एका पंक्चरवाल्याचा फोन होता. गावात महिनाभर विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, लोक राखण करत होते. त्यांनी पहाटे एक म्हातारा धरला होता. "लवकर या. गर्दी वाढतीया," पंक्चरवाला म्हणाला होता.

मी मॅडमना फोन लावला. त्या तालुक्याच्या लॉजवर होत्या, थोड्या वेळात पुण्याला निघणार होत्या.

"तिला कशाला मधी घालतीस?" तात्या ओरडले.

"गाडी दुसऱ्या कुणाकडं आहे का, तात्या?"

तात्या रस्त्याला जाऊन गाडीची वाट बघत उभे राहिले.

गाडी आली तसे ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मी आणि मॅडम मागं. कच्च्या रस्त्यावर गाडी आपटत होती. मग मॅडम म्हणाल्या, "मी सांगेन ते माझे पेशंट आहेत म्हणून. डॉक्टरनं सांगितलं की लोक ऐकतात."

"खोटं कशापायी बोलताय? पेशंट न्हाईत ते तुमचे."

"तात्या, तुम्ही काल त्यांना आणलं असतंत तर..."

"तर काय? तर आज ते धरले गेले नसते?"

 मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या डोक्यात गेल्या वर्षीची एक बातमी घुमत होती, शेजारच्या जिल्ह्यातली. तिथंही असंच एकाला गावानं धरलं होतं आणि पोलीस पोचेपर्यंत उशीर झाला होता. तात्यांच्या डोक्यातही तेच असावं, कारण ते ड्रायव्हरला सारखं म्हणत होते, "दाब की. दाब की जरा."

वेशीच्या आत एक जुनी दगडी चावडी होती. तिचं आता खताचं गोदाम झालं होतं आणि दाराला लोखंडी शटर बसवलं होतं. तिथं गर्दी होती. काहींच्या हातात काठ्या. दोघंतिघं मोबाइल वर धरून चित्रण करत होते. गर्दीतून मला आधी आबांचे पाय दिसले. पायऱ्यांच्या खाली, जमिनीवर ते उकिडवे बसले होते. कमरेला दोरी, दोरीचं टोक शटरच्या कडीला. एका भुवईतून रक्त येऊन गालावर सुकलं होतं आणि तो गाल सुजून डोळा झाकला गेला होता. पण ते रडत नव्हते की विनवत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले होते, कसली तरी वाट बघावी तसे.

तात्या गर्दीत घुसले. "बाप हाय माजा. सोडा त्यास्नी."

"तुझा बाप? बरं झालं आलास." लाल टी-शर्टातला एक तरुण पुढं झाला. त्यानं पायरीवर ठेवलेल्या कापडी पिशवीकडे काठी केली. पिशवीतलं सामान बाहेर मांडलं होतं, एक हातोडी आणि दोन-तीन छिन्न्या. "ही बघ तुझ्या बापाची हत्यारं. कुलपं तोडायची."

"टाक्या हायत त्या. जात्याला टाकी लावायच्या."

"जातं ऱ्हायलंय का कुनाच्या घरात?"

लोक हसले. तो तरुण हसला नाही. "माझी मोटार गेली. कर्ज काढून घेतल्याली. पीक वाळलं माझं. मला टाकी सांगतो व्हय?"

मॅडम मध्ये आल्या. "हे बघा, मी डॉक्टर आहे. हे आजोबा आजारी आहेत. त्यांना काही आठवत नाही, ते कुठं आहेत हेही त्यांना कळत नाही. हा मेंदूचा आजार आहे."

"कागद दावा."

"काय?"

"आजारी हाय म्हनता ना? मग दवाखान्याचा कागद दावा. एक तरी."

मॅडमनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान खाली घातली. कागद नव्हता. कुठल्याच दवाखान्यात आबांना कधी नेलं नव्हतं.

"धरला की येडा हुतो," मागून कोणीतरी म्हणालं. "ह्यांचं जुनं हाय."

गर्दी अर्धं पाऊल पुढं सरकली. मी हे आजही विसरू शकत नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी गोल लहान झाला. मला माझ्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागलेला जाणवला.

तात्या बापापुढं वाकले आणि आमच्या घरातल्या बोलीत म्हणाले, "आबा, चला. घरला जाऊ."

आबांनी त्यांच्याकडं अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "अजून पुकारा झाला न्हाई," ते म्हणाले.

"कसला पुकारा? चला, उठा."

तात्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली आणि दुसऱ्या हातानं आबांचा दंड धरून त्यांना ओढलं. तसे आबा किंचाळले. दोन्ही हातांनी त्यांनी दोरी घट्ट धरली आणि मराठीत, मोठ्यानं, ओरडायला लागले. "न्हाई सायेब! मी पळालो न्हाई! मी हितंच हाय सायेब! लिवा, मी हितंच हाय!"

"काय बोलतोय ह्यो? कुठनं पळाला न्हाई?"

"हात सोड रे त्याचा! पोलीस येईस्तवर कुनी हलायचं न्हाई!"

लाल टी-शर्टवाल्यानं काठी वर केली. ती आबांवर येणार होती की तात्यांवर, कळत नव्हतं. मॅडमनी माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. तात्यांनी बापाचा दंड सोडला.

ते उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीतरी कळलं होतं, आणि कळलं ते नको होतं, असं ते तोंड होतं. ते सावकाश चावडीच्या पायऱ्या चढले. सगळ्यात वरच्या पायरीवर, शटरला पाठ लावून, पाय फाकवून उभे राहिले. काठी वर धरलेला तो तरुणही बघत राहिला. मग तात्यांच्या तोंडून एक आवाज आला. त्यांचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. कोरडा, कंटाळलेला, अंमलदाराचा.

"यल्लप्पा वलद मलप्पा!"

आबा ताडकन उठले. कमरेत वाकलेला तो म्हातारा सरळ झाला. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले.

"हाजिर, सायेब!"

"जात?"

"टकारी, सायेब."

"रात्री कुठं होता?"

"चावडीतच सायेब. समद्यांसंगं."

 आमच्या लोकांना त्या काळी जिथं आमची पालं, म्हणजे कापडी राहुट्या, पडतील तिथल्या चावडीत सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यावी लागे, आणि रात्री तर कधी कधी बाप्यांना चावडीतच कोंडून झोपवत, हे मी लहानपणी ऐकलं होतं. नाव पुकारल्याशिवाय जो हलला तो फरार. आबा त्यांच्या विशीत या चावडीत रोज येत होते. आता सगळं विसरून झाल्यावर त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि त्या हजेरीला उशीर होऊ नये म्हणून ते पहाटे घरातून निघाले होते.

"घरात कोण?" तात्यांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. मला वाटतं, त्या आवाजात एकदा शिरल्यावर त्यांना थांबता येईना.

"बायकू, सायेब. आन् एक पोरगं." आबांचा आवाज खाली आला. ते एक पाऊल पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. "हणमंता. लई ल्हान हाय सायेब. अंगावर पितंय. त्याचं नाव घालू नगा. पाया पडतो, त्याचं नाव वहीत घालू नगा."

 साठीचा माणूस, ज्यानं कित्येक फौजदारांपुढं मान वाकवली नव्हती, तो पायरीवर शटरला धरून उभा होता.

"न्हाई घालत," अखेर ते म्हणाले. साहेबाचा आवाज गेला होता, पण आबांच्या ते ध्यानात आलं नाही. "न्हाई घालत त्याचं नाव. जा. सुट्टी हाय तुला."

आबांनी वाकून जमिनीला हात लावला आणि वळले. कमरेची दोरी ताणली गेली. गर्दीतून एक म्हातारा गृहस्थ काठी टेकत पुढं आला. कोणाला काही न विचारता त्यानं वाकून गाठ सोडली आणि मागच्यांना म्हणाला, "वाट द्या."

वाट मिळाली. लाल टी-शर्टवाला बाजूला झाला नाही, पण त्यानं काठी खाली केली होती. आम्ही त्याला वळसा घालून गेलो. त्यानं माफी मागितली नाही आणि आम्ही थांबलो नाही. वेशीबाहेर पोलिसांची गाडी समोरून आली तेव्हा आम्ही तिघंही खाली बघत राहिलो.

परतताना आबा मॅडमच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. तात्या पुढं बसून समोरच्या काचेतून बघत होते. कोणी त्यांच्याकडे बघू नये असं त्यांना वाटत होतं, आणि कोणी बघितलं नाही. घरी पोचल्यावर मॅडमनी आबांच्या भुवईला टाके घातले. हात धुताना त्या तात्यांना म्हणाल्या, "काल मी तुम्हाला काय करायला सांगत होते ते आज मला कळलं. मी उद्या येऊ की नको, ते तुम्ही सांगा."

"उद्या नगं," तात्या म्हणाले. "बलवीन."

मला वाटलं, बोलावणार नाहीत. पण दिवाळीनंतर त्यांनीच समाजमंदिरात माणसं जमवली आणि या खेपेला मॅडमना सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसवलं. उभे राहून त्यांनी आधी आबांचं सांगितलं. दमा नाही, कडी घालत होतो, मारलं लोकांनी. लपवलं काही नाही. मग मॅडमकडे वळले. तपासायला वस्तीतलंच माणूस बसेल, आणि बोली आमची असेल. नाव घेऊन ओळीत कुणाला उभं करायचं नाही, घरी जाऊन विचारायचं. "आन् तुमचे सवाल आदी आमाला दावा. तारीख कोनती, पंतप्रधान कोन, ह्यावरनं आमची म्हातारी येडी ठरवू नगा."

"दाखवते," मॅडम म्हणाल्या. "पण मला पुण्यात वरिष्ठांना विचारावं लागेल. वेळ लागेल."

"लागू द्या. आमाला घाई न्हाई."

जवळजवळ वर्ष गेलं त्यात. मॅडमचं पुण्यात भांडण झालं, प्रकल्प बंद पडायच्या बेतात आला, पण प्रश्न बदलले. आमच्या बायकांनी बसून ते बदलले. मी आणि वस्तीतल्या आणखी दोघी तपासायला शिकलो. तोवर आबा गेले होते. अंथरुणातच, घरात गेले.

तपासणी सुरू व्हायच्या आदल्या दुपारी तात्या माझ्याकडे आले. पाणी प्यायले. 

"अनशे, त्या पयल्या बैठकीत मी बोललो ते समदं खरं व्हतं."

"माहिती आहे, तात्या."

"पन येवढंच खरं न्हवतं." ते गुडघ्यावरची लुंगी बोटांनी चुरगळत होते. "त्याच्या आदल्या महिन्यात ठाण्यावर गेल्तो. आपल्या शांताचं पोरगं धरल्यालं. फौजदार म्हनला, कुनाला सोडवाया आलाय? आन् मला नावच येईना. माज्या मांडीवर बारसं झाल्यालं पोर. त्यो गजाच्या आतनं माज्याकडं बघतोय, आन् मला नाव येईना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आबांचं असंच सुरू झाल्तं. म्हनून मला ती बाई वस्तीत नगं व्हती. ती मला वळखील म्हनून."

 मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"पयला मला घे," ते म्हणाले. "मी बसलो तर बाकीचे बसतील."

त्या वर्षी त्यांच्या तपासणीत फारसं काही निघालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग निघालं. दरवर्षी ते स्वतः येत राहिले, आधी एकटे, मग काकीचा हात धरून. त्यांच्यामागून वस्ती आली, वस्तीमागून शेजारच्या दोन वस्त्या आल्या.

शेवटच्या खेपेला त्यांनी मला ओळखलं नाही. काकीलाही नाही. रक्त घ्यायला मी सुई काढली तेव्हा शेजारच्या बाकावर दुसऱ्या वस्तीतली एक बाई बसली होती, पहिल्यांदाच आलेली, पदर तोंडात धरून, घाबरलेली. तात्यांनी आपण होऊन बाही वर सारली, हात माझ्यापुढं केला आणि तिच्याकडं वळून म्हणाले,

"भिऊ नगंस, बाई. आपलीच मान्सं हायत."